कल अहवालात ललित कला, घरच्यांना हवे विज्ञान: अकरावीसाठी कोणती शाखा निवडावी?

प्रश्न (पालक, सातारा)
नमस्कार. माझी मुलगी दहावीत आहे. शाळेच्या समुपदेशकांनी घेतलेल्या चाचणीत तिचा पहिला कल ललित कलेकडे आणि दुसरा तांत्रिक क्षेत्राकडे आला. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत तिला ‘अ’ श्रेणी आहे. गणितात मात्र ती मध्यम आहे. आजी-आजोबांचा आग्रह विज्ञान शाखेचा आहे. या अहवालावर कितपत विसंबावे?

उत्तर १ (शिक्षक-समुपदेशक)
राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीसाठी कल चाचणी सुरू केली, तेव्हाही कृषी, वाणिज्य, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे होती आणि तेव्हाही अनेक पालक तो अहवाल निकालपत्रासारखा वाचत. वास्तविक अशी चाचणी विद्यार्थ्याला काय करायला आवडते हे त्याच्याच उत्तरांवरून सांगते. ते त्याला कितपत जमेल हे पाहण्यासाठी अभिक्षमता चाचणी वेगळी असते. आपल्याकडे चित्रकलेच्या दोन परीक्षांचा पुरावा आहे, तो मला अहवालापेक्षा वजनदार वाटतो. तरीही ‘ललित कला’ हा शब्द फार मोठा आहे. तिला एकटीने रंगवत बसायला आवडते, अक्षरे व मांडणी करायला आवडते, की एखादी वस्तू कशी बनली आहे हे कागदावर उतरवायला आवडते, हे तिलाच विचारा. दुसरा कल तांत्रिक असल्यामुळे तिसरी शक्यता मी सहज बाजूला टाकणार नाही.

उत्तर २ (उपयोजित कलेची पदवीधर)
वरील मताशी सहमत आहे. शाखेपुरते थोडे लिहिते. कला पदवीसाठीची राज्याची सीईटी कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना देता येते. आयआयटी मुंबई घेत असलेल्या यूसीड या डिझाइन पदवीच्या प्रवेश परीक्षेलाही शाखेची अट नाही. अडते ते वास्तुकलेपाशी, कारण तिथे बारावीला गणित व भौतिकशास्त्र लागते. म्हणून वास्तुकलेचा विचार खरोखर असेल तरच विज्ञान घ्यावे. ‘दार उघडे राहावे’ एवढ्याच कारणाने विज्ञान घेणाऱ्या मुलींची चित्रवही क्लासच्या वेळापत्रकात दोन वर्षे बंद राहिलेली मी पाहिली आहे, आणि प्रवेश परीक्षेत नेमका तोच सराव तपासला जातो.

उत्तर ३ (पालक, नाशिक)
खर्चाचीही चौकशी आताच करा. शासकीय कला महाविद्यालय आणि खासगी डिझाइन संस्था यांच्या शुल्कात मोठी तफावत असते, आणि घरातील विरोधामागे पुष्कळदा तीच काळजी असते, जरी ती बोलून दाखवली जात नाही.

प्रश्नकर्ते
सर्वांचे आभार. तिला विचारले, तर घरांचे आराखडे काढायला आवडते असे ती म्हणाली, म्हणजे प्रश्न पुन्हा गणितापाशी आला! शाळेत अभिक्षमता चाचणीची सोय नसल्यास ती कोठे करून घ्यावी, हे कोणी सांगू शकेल का?