पिट्युटरीतला ३-४ मिमीचा ट्युमर एमआरआयमध्ये सुटू नये म्हणून प्रोटोकॉलमध्ये काय बदलावं?

कोरोनल_कट
कुशिंगचा (शरीरात कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार) संशय आहे. २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल दोनदा वाढलेलं, रात्री १ मिग्रॅ डेक्सामेथासोन देऊनही सकाळचं कॉर्टिसॉल उतरत नाही, एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन) दबलेलं नाही. सध्याची पद्धत अशी: १.५ टेस्ला, टी१ कोरोनल (समोरून दिसणारा छेद) आणि सॅजिटल (बाजूने दिसणारा), ३ मिमी स्लाइस, मध्ये थोडी गॅप. मग टेबल बाहेर काढून हाताने ०.१ मिलिमोल/किलो कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं, चित्र उजळवणारं गॅडोलिनियम), आणि पुन्हा तेच दोन सिक्वेन्स. रिपोर्ट 'नॉर्मल'. नेमकं काय बदलायचं?

गॅडोलिनियम_गणपत
सगळ्यात आधी ते टेबल बाहेर काढणं बंद करा. चूक तिथेच आहे.

मायक्रोअ‍ॅडेनोमा, म्हणजे १० मिमीपेक्षा लहान गाठ, कॉन्ट्रास्ट घेतेच, फक्त उशिरा घेते. आधी पिट्युटरीचा देठ आणि मागचा भाग उजळतो, मग पुढचा भाग. साधारण पहिल्या ३० ते ९० सेकंदांत आजूबाजूची ग्रंथी पांढरी आणि गाठ करडी असा फरक सगळ्यात ठळक असतो. हाताने इंजेक्शन, टेबल आत, प्लॅनिंग, यात दोन-तीन मिनिटं जातात, तोवर गाठही उजळून आजूबाजूसारखीच होते. फिल्म छान येते, गाठ मात्र गायब.

म्हणून डायनॅमिक सिरीज लावा, म्हणजे कॉन्ट्रास्ट जात असतानाच तेच स्लाइस पुन्हा पुन्हा घ्या. २ मिमीच्या ५-६ कोरोनल स्लाइस, गॅप शून्य, दर १५-२० सेकंदांनी एक सेट, असं अडीच-तीन मिनिटं. पहिला सेट कॉन्ट्रास्टच्या आधीचा, तो संपता संपता इंजेक्टरने २ मिली/सेकंद, मागून २० मिली सलाइन. कोरोनलचा कोन सेलाच्या (पिट्युटरी बसते तो हाडाचा खळगा) तळाला काटकोनात.

डोस बरेच जण निम्मा, ०.०५ मिलिमोल/किलो देतात, म्हणजे लहान गाठ उजेडात बुडत नाही. ०.५ मोलरचं कॉन्ट्रास्ट असेल तर ६० किलोच्या पेशंटला ६ मिली. पण बाटली १ मोलरची असेल तर ३ मिलीच. इथे हमखास गोंधळ होतो, लेबल वाचूनच सिरिंज भरा. किडनीचं कार्य आधी बघायचं, हे वेगळं सांगायला नको.

फेज_एन्कोड
वरच्यात दोन गोष्टी जोडतो.

कोरोनलमध्ये फेजची दिशा (हालचालीच्या खोट्या सावल्या जिकडे पसरतात ती) डावी-उजवी ठेवली असेल तर दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्यांच्या ठोक्यांची भुतं थेट ग्रंथीवर पडतात. दिशा वर-खाली करा. मग डोक्याचा वरचा भाग आणि मान दुमडून चित्रात येते, म्हणून फेज ओव्हरसॅम्पलिंग वाढवा आणि खालून एक सॅच्युरेशन बँड लावा. वेळ वाढतो, पण वाया जात नाही. एफओव्ही (चित्रात येणारा भाग) १६ सेमी, मॅट्रिक्स २५६, म्हणजे पिक्सेल जेमतेम ०.६ मिमी.

डायनॅमिक संपल्यावर लगेच १ मिमीचा थ्रीडी टी१ घ्या. ३ मिमीच्या स्लाइसमध्ये ३ मिमीची गाठ दोन स्लाइसमध्ये अर्धी-अर्धी वाटली जाते आणि दोन्हीकडे फिकट होते. ग्रेडियंट एकोचा थ्रीडी कुशिंगमध्ये जास्त गाठी पकडतो, पण खाली स्फिनॉइड सायनसमध्ये हवा असल्याने ग्रंथीचा तळ विस्कटतो, ३ टेस्लावर तर जास्तच. तळ खराब येत असेल तर थ्रीडी टर्बो स्पिन एको.

कोरोनल_कट
पण इतकं बारीक बघितलं की काळे ठिपके भरपूर दिसणार. खरा कोणता?

सेला_रिकामी
हा प्रश्न कमी लोक विचारतात. सुमारे दहातल्या एका निरोगी माणसाच्या पिट्युटरीत काहीतरी छोटं सापडतंच, त्यामुळे ठिपका दिसला म्हणजे कुशिंगचं कारण सापडलं, असं नाही.

ठिपका डायनॅमिकच्या एकाच सेटमध्ये दिसून पुढच्यात गेला, किंवा थ्रीडीत त्या जागी काहीच नाही, तर तो सोडून द्या. मधोमध असेल, टी२ वर पांढरा असेल आणि शेवटपर्यंत अजिबात उजळत नसेल, तर रॅथके क्लेफ्ट सिस्ट (जन्मजात, निरुपद्रवी पाण्याची पिशवी) समजा, गाठ निदान थोडी तरी उजळते. कडेला कॅरोटिडशेजारचा काळपटपणा पार्शल व्हॉल्यूमचाही (एकाच स्लाइसमध्ये दोन भाग मिसळल्याचा) असतो, कोरोनल आणि सॅजिटल दोन्हीत मिळाला तरच लिहा. देठ किंचित कलला, एवढ्यावर बाजू ठरवू नका, निरोगी लोकांतही तो कलतो. उंचीचंही तेच: तरुण स्त्रीची ग्रंथी १० मिमीपर्यंत, बाळंतपणाच्या आसपास १२ मिमीपर्यंत नॉर्मल असते.

कोरोनल_कट
आणि एवढं करूनही काही दिसलं नाही तर?

सेला_रिकामी
मग इन्फीरियर पेट्रोसल सायनसमधून (पिट्युटरीचं रक्त वाहून नेणाऱ्या शिरा) दोन्ही बाजूंचे रक्ताचे नमुने. गाठ ६ मिमीपेक्षा लहान असली तरी हेच करतात. सायनसच्या आणि हाताच्या रक्तातल्या एसीटीएचचं गुणोत्तर सुरुवातीला २ किंवा जास्त, सीआरएच किंवा डेस्मोप्रेसिन (एसीटीएच वाढवणारी औषधं) दिल्यानंतर ३ किंवा जास्त, तर उगम पिट्युटरीत. मात्र त्या दिवसांत कॉर्टिसॉल खरोखर वाढलेलं हवं. ते खाली असताना नमुने घेतले तर निकाल फसवा येतो, आणि चढउताराच्या कुशिंगमध्ये ते हमखास होतं. बाजू कोणती, हे या चाचणीवरून खात्रीने सांगू नका.

मेथिओनीन पेट (किरणोत्सारी कार्बन-११ लावलेल्या मेथिओनीनचा स्कॅन) हाही पर्याय आहे, एमआरआयवर चढवून बघायचं. पण कार्बन-११ चं अर्धायुष्य २० मिनिटं, त्यामुळे तो तयार करणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, त्याच आवारात लागतं.