बोलेरोचं इंजिन स्टँडवर चढवायचंय, कोणतं स्टँड घ्यावं?

बोलेरोवाला, अंबाजोगाई
नमस्कार मंडळी. घरची जुनी बोलेरो आहे, 2523 सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन. ऑइल खायला लागलीय, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभका धूर येतो. पेरण्या उरकल्या की इंजिन उतरवून घरीच खोलायचं म्हणायलोय; बोअरिंग (सिलिंडर आतून कातून घेणं) तेवढं बाहेर देईन. पत्र्याचं शेड आहे, खाली शहाबादी फरशी, वर गर्डरला चेन कप्पी. ऑनलाइन तीन चाकांचं स्टँड (इंजिन बोल्टनं धरून उलटंसुलटं फिरवता येतं ते) स्वस्तात दिसतंय, त्यावर 450 किलो लिहिलंय. चालेल का? आमचे मिस्त्री म्हणतात, स्टँड कशाला पाहिजे, जुन्या टायरवर ठेव.

वाळूजचा फिटर
भाऊ, मिस्त्री अगदीच चूक नाहीत. नुसतं हेड उतरवायचं असेल तर टायर बरा. पण क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) काढायचा म्हणजे इंजिन उलटं करावं लागणार, आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक टायरवर पलटताना बोटं कुठे जातील सांगता येत नाही. स्टँड घ्याच. फक्त तीन चाकांचं नको. पुढचं एकच चाक फरशीच्या सांध्यात अडकलं आणि तुम्ही बाजूनं ढकललं, की सगळं कुशीवर येतं. चार चाकांचं बघा, आणि पुढचे पाय इंजिनाच्या मध्याच्या चांगले पुढे जातात का ते मोजून घ्या. 450 च्या आकड्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

जालना लेथवाला
फिटरदादांशी सहमत, पण माझ्या मते खरा धोका बोल्टांत आहे. स्टँडवर इंजिन एका बाजूनंच धरलेलं असतं; स्टँडच्या प्लेटचे चार हात गिअरबॉक्सकडच्या चार भोकांत बोल्टांनी कसतात. समजा वजन 250 किलो, ते प्लेटपासून 40 सेमीवर आणि वरच्या-खालच्या बोल्टांत अंतर 25 सेमी. म्हणजे वरच्या दोन बोल्टांवर मिळून 400 किलोची ओढ. 10 मिमीचा 8.8 ग्रेडचा (8.8 हा मजबुतीचा शिक्का) बोल्ट एकटा तीन टनांच्या पुढे ओढ सोसतो, तो तुटणार नाही. पण तो आत दोनच आटे गेलेला असेल तर आटे उपटून येतील. स्टँडचे हात जाड असतात, त्यामुळे गाडीचे मूळ बोल्ट बहुतेक आखूड पडतात. ब्लॉक लोखंडाचा असला तर निदान बोल्टाच्या जाडीइतका तरी आत जायला हवा. अॅल्युमिनियमचा असेल तर दीडपट-दुप्पट. मूळ बोल्ट सोबत नेऊन आटे जुळवा, डोक्यावर 8.8 कोरलेलं बघा, जाड वॉशर टाका. वजनावर सुटा मिळणारा बिनशिक्क्याचा बोल्ट इथे नको, राव.

बोलेरोवाला, अंबाजोगाई
हे भारी सांगितलंत. आता क्रम सांगा. फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक) आधी काढायचं का?

वाळूजचा फिटर
हो, आधी क्लच, मग फ्लायव्हील. क्लचच्या प्रेशर प्लेटचे बोल्ट आमनेसामने थोडेथोडे सैल करा, एकदम एक काढला तर प्लेट वाकते. ऑइल आणि पाणी आधीच काढून टाका. साखळी इंजिनाच्या उचलायच्या दोन्ही कड्यांना, मॅनिफोल्डला (हवा-धुराच्या नळ्यांना) नाही.
इंजिन कप्पीवर लटकत असतानाच स्टँडची फिरती प्लेट वेगळी काढून ब्लॉकला बसवा. चारही हात आधी हातानं फिट, प्लेटचा मधला पाइप क्रँकच्या रेषेच्या थोडा वर येईल असं बघा, म्हणजे फिरवताना झोक जात नाही. मग पान्यानं कसा. त्यानंतर स्टँड ढकलत आणून पाइप स्टँडच्या नळीत सारा आणि प्लेट फिरू न देणारी पिन टाका. कप्पी एकदम सोडायची नाही. साखळीच्या दोन-चार कड्या खाली करा, चारही कोपरे बघा, परत थोडी खाली करा. फिरवताना दांडा एकानं धरायचा, पिन दुसऱ्यानं काढायची. इंजिनाखाली हात-पाय कुणाचाही नको.

उदगीरचा डिझेलवाला
एक राहिलं. ऑइल चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं) काढायच्या आधी इंजिन उलटं करू नका, तळाचा सगळा गाळ बेअरिंगांत आणि सिलिंडरांत उतरतो. आडवं करून चेंबर काढा, पुसून घ्या, मग पलटा. आणि क्रँकचं मागचं ऑइल सील बहुतेक स्टँडवर बसवता येत नाही, प्लेट आड येते. ते आणि फ्लायव्हील शेवटी परत कप्पीवर घेऊनच. गर्डर मात्र नुसत्या पत्र्याच्या शेडचा असेल तर आधी वेल्डिंगवाल्याला दाखवा, पत्रा पेलणं वेगळं न् इंजिन पेलणं वेगळं.

बोलेरोवाला, अंबाजोगाई
गर्डर जुना रेल्वेचा रूळ आहे, दोन्हीकडून भिंतीत गाडलेला. फरशीचं काय करू?

जालना लेथवाला
रूळ चालेल, पण भिंतीत टेकतो तिथं भेगा आहेत का बघा. फरशीवर जाड लोखंडी प्लेट टाका आणि स्टँड त्यावरच ठेवा. इंजिन चढवलेलं स्टँड शेडभर फिरवायचंच नाही. बोअरिंगहून ब्लॉक यायला वेळ लागतोच, तेवढ्यात रिकाम्या स्टँडला चाकांना ब्रेक लावून घ्या, ऑनलाइनवाल्यांत ते बहुधा नसतात.