मदत हवी आहे: डेव्हलपरची प्रोजेक्ट मॅनेजर झाले, गो-लाइव्हची (सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात यायची) तारीख आधीच ठरलीय, प्लॅनिंग कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी,

आजपर्यंत फक्त कोड लिहीत आले. आता आमचे मॅनेजर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले आणि त्यांचं सगळं काम माझ्याकडे आलंय. पाच जणांची टीम आहे, क्लायंटला हजेरी आणि रजेचं सॉफ्टवेअर हवंय, वेब आणि मोबाइल दोन्ही, शिवाय जुन्या सिस्टिममधला डेटाही नव्यात आणायचाय. तारीख माझ्याकडे काम यायच्या आधीच कबूल करून झालीय आणि रिक्वायरमेंट म्हणून हातात काय आहे तर एक प्रेझेंटेशन, त्यात एका स्लाइडवर नुसतं "रिपोर्ट्स" लिहिलंय, खाली काहीही नाही.

वरून सारखं विचारतात की किती टक्के झालं, मी टीमला विचारते, टीम म्हणते ८० टक्के, मागच्या आठवड्यातही ८०च होतं. त्यात क्लायंटकडून फोन येतो की एक छोटंसं बटन द्या, यादी एक्सेलमध्ये डाउनलोड व्हायला हवी, आणि आमचा डेव्हलपर भिडस्त आहे, तो लगेच हो म्हणतो. मला टीमला रात्री जागवून हे काम ओढायचं नाहीये, चांगली पोरं आहेत. पण नाही कसं म्हणायचं आणि कशाच्या आधारावर म्हणायचं हेच कळत नाहीये. साहेब म्हणतात हवं तर अजून दोन माणसं देतो. घेऊ का? आणि एस्टिमेट नेमकं कसं काढतात, आम्ही आत्तापर्यंत अंदाजेच सांगत आलोय. कोणी मुळापासून समजावून सांगेल का प्लीज.

प्रतिसाद: निवांतवाट

ताई, तारखेचं नंतर बघू, आधी स्कोप, म्हणजे नेमकं काय काय बनवून द्यायचंय ते, कागदावर आणा. स्कोप, वेळ आणि खर्च हे तिन्ही एकमेकांना बांधलेले असतात, एक ओढलं की दुसरं हलतं, आणि तिन्ही घट्ट धरून ठेवले की क्वालिटीचा बळी जातो. तुमच्याकडे तारीख आणि माणसं ठरलेली आहेत पण स्कोप मोकळा सुटलाय, खरी अडचण तिथे आहे.

टीमला घेऊन बसा आणि वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर करा, म्हणजे अख्खं काम फोडत फोडत इतकं लहान करा की प्रत्येक तुकडा एका माणसाला सोपवता येईल आणि तो पूर्ण झाला की नाही हे हो-नाहीमध्ये सांगता येईल. साधारण ८ ते ८० तासांचा तुकडा असावा असा एक जुना ठोकताळा आहे, मी तर सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन दिवसांच्या वर जाऊच देत नाही. "रिपोर्ट्स" हा तुकडा नाही. "महिन्याचा हजेरी रिपोर्ट, विभागानुसार, मॅनेजरला फक्त स्वतःच्या टीमचा दिसेल" हा तुकडा आहे. आणि डन म्हणजे काय तेही आधी ठरवा: कोड रिव्ह्यू झाला, टेस्टरने पास केलं, टेस्ट सर्व्हरवर चढलं. मग टक्के विचारायचेच नाहीत, इतक्यांपैकी इतके तुकडे डन एवढंच वर कळवायचं. अर्धवट कामाला शून्य. पहिले काही दिवस आकडा लाजिरवाणा दिसतो, दिसू दे, पण तो खरा असतो.

आता ते एक्सेलचं बटन. दिसायला बटन आहे, पण आत बघा: कोणाला डाउनलोड करता येईल, सगळ्यांना की फक्त एचआरला? स्क्रीनवर लावलेला फिल्टर फाइलमध्येही लागू व्हायला हवा का? एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात, काही वर्षांचा पंचिंगचा डेटा काढला तर काय? सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) देणार असाल तर एम्प्लॉयी कोडच्या सुरुवातीचे शून्य एक्सेल उडवून टाकतं, आणि देवनागरीतली नावं एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) नीट दिलं नाही तर चिन्हांचा कचरा होऊन उघडतात. हे सगळं टेस्टही करायचं. बटन नको असं माझं म्हणणं नाही, पण त्याची चेंज रिक्वेस्ट व्हायला हवी: काय हवंय, कशासाठी, किती दिवस वाढतील, त्याबदल्यात काय मागे जाईल, मंजूर कोण करणार. एक पानाचा फॉर्म पुरतो. क्लायंटकडून मंजुरी देणारा एकच माणूस ठरवून घ्या आणि तुमच्या डेव्हलपरला सांगा की फोन आला तर "ताईंना मेल करा, त्या बघून कळवतील" एवढंच म्हणायचं. भिडस्त माणसाला म्हणायला वाक्य मिळालं की त्याचा ताण जातो, हे मी पाहिलंय.

प्रतिसाद: क्रिटिकलपाथ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी एस्टिमेट आणि माणसं यावर लिहितो.

एकच आकडा कधीच मागू नका, तीन मागा. सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, बहुधा किती, आणि सगळं बिनसलं तर किती. समजा उत्तर आलं ४, ६ आणि १४. मधल्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं: ४ अधिक २४ अधिक १४ म्हणजे ४२, भागिले ६, म्हणजे ७ दिवस. ही पद्धत पर्ट नावाच्या प्लॅनिंगच्या तंत्रातली, १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी बसवलेली. पण मला उत्तरापेक्षा ६ आणि १४ मधलं अंतर जास्त कामाचं वाटतं. ते मोठं दिसलं की लगेच विचारायचं, १४ का म्हणालास? तिथून तुमचं रिस्क रजिस्टर तयार होतं. रिस्क काय, झालीच तर फटका किती, ती टाळायला आत्ता काय करणार आणि नाव कोणाचं, एवढे चार कॉलम पुरे.

आता माणसं. कुठलं काम कशावर अडलंय ते आधी मांडा. उदाहरण म्हणून, डेटाबेस ५ दिवस, त्यानंतर एपीआय (स्क्रीन आणि डेटाबेस यांना जोडणारा कोड) १० दिवस. दुसऱ्या बाजूला डिझाइन ४ आणि स्क्रीन ८. दोन्ही संपल्यावर टेस्टिंग ६. वरची वाट १५ दिवसांची, खालची १२ ची, म्हणून एकूण २१. स्क्रीनच्या कामाला ३ दिवसांची सवड आहे, तिथे माणूस वाढवून ते ४ दिवसांत उरकलं तरी तुमचे २१ चे २१च राहणार. लांबची वाट म्हणजे क्रिटिकल पाथ, रोजचं लक्ष तिच्यावर हवं.

आणि एपीआयवर दोन माणसं वाढवली तरी सुरुवातीला वेग कमीच होतो, कारण त्यांना शिकवणार कोण, तर जो आत्ता सगळ्यात जास्त कामात आहे तोच. शिवाय पाच जणांत बोलण्याच्या जोड्या १० असतात, सात झाले की २१. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टला माणसं जोडली की तो आणखी उशिरा होतो हे सॉफ्टवेअर इंजिनिअर फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. एक टेस्टर मात्र मिळत असेल तर जरूर घ्या, आणि आत्ताच घ्या, शेवटच्या महिन्यात नको.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, उद्याच टीमला घेऊन बसते. पण साहेब तारीख हलवणारच नाहीत, ते नक्की. अजाइल करा म्हणतात, म्हणजे थोडं थोडं बनवून दाखवत पुढे जायचं, त्याने होईल का?

प्रतिसाद: निवांतवाट

अजाइल केल्याने काम कमी होत नाही, क्रम बदलतो. तारीख पक्की असेल तर स्कोप हलता ठेवायचा. यादीचे चार भाग करा: हवंच, असायला हवं, असलं तर बरं, या वेळी नाही. ही वाटणी क्लायंटकडूनच करून घ्या, तुम्ही मनाने करू नका. सगळंच "हवंच" म्हणाले तर प्रत्येकापुढे दिवस लिहून दाखवा आणि तारखेपर्यंतचे दिवस शेजारी लिहा, मग त्यांचे तेच निवडायला लागतात. दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे छोटे टप्पे, ठेवा आणि प्रत्येकाच्या शेवटी चालणारं सॉफ्टवेअर त्यांच्या हातात द्या, स्लाइड नको.

आणि डेटा मायग्रेशन शेवटाला ठेवू नका. जुन्या सिस्टिममधून पहिल्याच स्प्रिंटमध्ये एका विभागाचा डेटा आणून बघा. एकाच माणसाचे दोन कोड, रजेचे मायनस बॅलन्स, जॉइनिंग डेटच नाही, असलं काय काय निघतं आणि ते दुरुस्त करायला क्लायंटचीच माणसं लागतात, त्यांना वेळ आधी मागून ठेवावा लागतो. साहेबांना दाखवायला नेताना "जमणार नाही" म्हणू नका, तीन पर्याय न्या: तारीख तीच आणि इतकं मिळेल, सगळं हवं तर ही तारीख, किंवा आधी वेब आणि मोबाइल दुसऱ्या टप्प्यात. प्रत्येकापुढे दिवस आणि रिस्क लिहा. बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाका, काय ठरलं आणि कोणी ठरवलं ते.

धागाकर्ती

मोबाइल दुसऱ्या टप्प्यात हे डोक्यातच आलं नव्हतं, हजेरी तर त्यांच्याकडे मशीनवरच लागते. त्यावरच आधी बोलते, काय म्हणतात ते इथे कळवेन.