क्षेत्रफळ आणि परिमिती एकाच आठवड्यात शिकवणं बंद करा

वडीवाली

लेक पाचवीत आहे. परवा तिचा चाचणीचा पेपर बघितला. बाग 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद, कुंपणाला एकपदरी तार किती लागेल? लेकीचं उत्तर : 96 चौरस मीटर. वर लाल फुली.

विचारलं, गुणाकार का केलास गं? म्हणाली, "अगं आई, दोनच आकडे दिले की गुणायचे. चारही बाजूंना आकडे लिहिलेले असले की बेरीज." इतक्या खात्रीने सांगितलं की मला रागावताच येईना. नियम तिचा तिने शोधलेला, आणि वहीतली जुनी गणितं चाळली तर तो जवळपास प्रत्येक वेळी लागू पडलेला! पोरगी हुशार आहे हो, फक्त गणित भलतंच शिकली.

माझं मत : दोन्ही गोष्टी एकाच धड्यात, लागोपाठ, सूत्रांसकट कोंबल्यामुळे हे होतं. आधी नुसतं क्षेत्रफळ घ्या, तेही चौकोनी घरं मोजून. अंगण सारवायला शेण किती लागेल तो एक प्रश्न, अंगणाच्या कडेने रांगोळीची रेघ किती लांब होईल तो दुसरा. परिमिती दिवाळीनंतर आली तर काय बिघडतं? आणि सूत्र सगळ्यात शेवटी.

त्या संध्याकाळी नारळाच्या वड्या केल्या होत्या. थापून सहा गुणिले चार कापल्या, एकूण 24. तिला म्हटलं, वडीची बाजू एक धर आणि मुंगी कडेने फिरली तर किती चालेल ते मोज. बोट फिरवून 20 आले. मग कोपऱ्यातली एक वडी खायला दिली. आता? परत बोट फिरवलं. वड्या 23, पण मुंगीची चाल 20 च! दोनदा मोजलं तिने. मग समोरच्या लांब कडेच्या मधली एक उचलली. वड्या 22, मुंगीची चाल 22. "खाल्ली तर वाढली?" म्हणून माझ्याकडे बघत बसली. हे कुठल्या सूत्रातून कळलं असतं?

जुना_खडू

ताई, वड्यांचं कौतुक आहे, पण मी 31 वर्षं फळ्यासमोर उभा राहिलोय. शिष्यवृत्तीच्या भाषा-गणिताच्या एकत्र पेपरला दीड तासात 75 प्रश्न असतात. तिथे मुलगा मुंग्या फिरवत बसला तर घंटा होईल. आम्ही पाढे न समजता पाठ केले, समज मागाहून आली. तीसपर्यंतचे पाढे आजही झोपेत म्हणतो. सूत्र म्हणजे हत्यार आहे, आधी हातात द्या, धार कशाला असते ते पोरं वापरता वापरता शिकतात. तुमच्या लेकीला सूत्राने दगा दिला नाही, तिने प्रश्न वाचला नाही. "कुंपण" शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा, काम फत्ते.

वडीवाली

काका, "कुंपण" दिसलं की बेरीज, "फरशी" दिसली की गुणाकार, असंच ना? मग तिचा नियम आणि तुमचा नियम यात फरक काय राहिला? उद्या प्रश्नात "खोलीला कडेने पट्टीची फरशी" आली की दोघंही आपटणार.

द्विशिक्षकी

दोघांशीही पटत नाही. माझ्याकडे चौथी-पाचवी एकाच खोलीत बसतात. ताई, वेगळं शिकवलं तर घोळ दिसत नाही एवढंच, जात नाही. दिवाळीआधी क्षेत्रफळ म्हणजे सगळी गणितं गुणाकाराची, दिवाळीनंतर सगळी बेरजेची. पोरं वाचतच नाहीत, कुठला महिना चालू आहे त्यावर उत्तर काढतात. गाठ पडते ती वार्षिक परीक्षेला.

मी मुद्दाम दोन्ही एकदम घेतो. 24 वीत सुतळीच्या टोकांना गाठ मारून वेढा करतो, चार पोरं चार कोपरे धरतात. वर्गातली फरशी वीतभर लांबीरुंदीची, म्हणजे फरश्याच मोजायच्या. 11 गुणिले 1 केलं तर आत 11 फरश्या. 10 गुणिले 2 केलं तर 20. मग 8 गुणिले 4 च्या 32, 6 गुणिले 6 च्या 36. सुतळी तीच! शेवटी एक वात्रट पोरगा सुतळी दोन्हीकडून ताणून सपाट करतो आणि ओरडतो, "सर, शून्य!" दरवर्षी कुणीतरी करतोच, मी वाटच बघत असतो. हा धक्का दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय बसत नाही. तुमच्या वड्यांच्या खेळातही दोन्ही एकदमच मोजलंत की तुम्ही!

बाकी खडूकाकांचं एक खरं आहे. पाढे येत नसतील तर 6 गुणिले 6 वरच तास संपतो.

ठिपका

वात्रट पोराला माझ्याकडून एक वडी.

एक वेगळाच मुद्दा. घरं मोजून शिकवा म्हणता, पण मुलं घरं मोजत नाहीत, ठिपके मोजतात. भाचीला रांगोळीचे पाच गुणिले पाच ठिपके काढून दिले आणि आत छोटे चौकोन किती विचारलं. 25 म्हणाली. आहेत 16. हीच गत कुंपणाच्या खांबांची, मधली अंतरं सोडून खांबच मोजतात. आणि "परिमिती" शब्द तिला परीशी संबंधित वाटत होता! परिघ, परिक्रमा, परिसर यांच्या शेजारी बसवला तेव्हा कुठे "भोवती" डोक्यात शिरलं. सेमी-इंग्रजीच्या पोरांना तेवढाही धागा हाती नाही.

बांधावरचा

इथे सगळे आयतच का मोजतायत? आमच्याकडे एक तरी जमीन काटकोनात दाखवा.

गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट, एकराला 40 गुंठे. इथवर सगळ्यांना येतं. पण वाकड्या तुकड्याला गावात अजून काय करतात? समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्या गुणायच्या. आयत असेल तरच हे बरोबर, नाहीतर उत्तर कायम जास्तच येतं. म्हणजे विकणाऱ्याचं फावतं. मी स्वतः फसलोय. 66 आणि 33 फुटांच्या बाजू, मध्यस्थ म्हणाला दोन गुंठे. बाजू मोजल्या, बरोबर निघाल्या. तुकडा तिरका होता, कोपरा साधारण 60 अंशांचा. मोजणी झाली तर जेमतेम पावणेदोन. पाव गुंठ्याचे पैसे हवेत गेले. नुसता एक कर्ण टेपने मोजला असता तर तिथेच कळलं असतं.

भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लीलावतीत हेच बजावलंय. चौकोनाच्या फक्त बाजू सांगून, कर्ण किंवा लंब न सांगता, ठरावीक क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च, आणि ते सांगायला निघालेला त्याहून मोठा पिशाच्च. काका, तुमचं सूत्र पाठ असलेला मी त्यातला पहिला की दुसरा ते तुम्हीच ठरवा.

अजून एक. वाटणीत प्रत्येक भावाला रस्त्याला तोंड हवं असतं, मग पट्टे पडतात. 66 गुणिले 33 चे दोन गुंठे घ्या, परिमिती 198 फूट. तेच दोन गुंठे 132 गुणिले साडेसोळाच्या पट्टीत घ्या, परिमिती 297. जमीन तेवढीच, तार दीडपट. चार पदरी काटेरी तार लावायची तर 792 फुटांऐवजी 1188. हे उदाहरण पाचवीत घालावं असं माझं मत. भांडणं तरी समजून होतील.

जुना_खडू

बांधावरचे, पिशाच्च झालो तर झालो. पण तुमचा तुकडा पाचवीच्या अभ्यासक्रमात नाही, तिथे काटकोनच असतात, आणि काटकोनात माझं सूत्र कधी चुकलेलं नाही. सुतळीचा प्रयोग मात्र नातवावर करून बघतो. वीत त्याची घ्यायची की माझी?

द्विशिक्षकी

कुणाचीही चालेल सर, फक्त फरशी सुतळीच्याच मापाची हवी. नसेल तर खडूने घरं आखून घ्या.

वडीवाली

सर, तुमचं "शेजारी ठेवा" थोडं पटलंय. थोडंच. धडा एक ठेवा हवं तर, पण सूत्र शेवटी यावं यावर मी अजून ठाम आहे.

काल लेकीनेच विचारलं, कोपऱ्यातली खाल्ल्यावर तिला चिकटून असलेली खाल्ली तर मुंगी किती चालेल? मी तोंडी 22 सांगितलं. चुकले. 20 च राहते. दोन कडा जातात, दोन नव्या येतात. तिने ताटावर बोट फिरवून दाखवलं आणि तीही वडी खाल्ली.