कृत्रिम पाऊस, रिकामी फडताळे आणि आपला संशय

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

विमानांमागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा, अवेळी कोसळणारा पाऊस आणि पाठोपाठ सुपरमार्केटमधून नाहीशी होणारी भाजी, हे सारे कोणीतरी मुद्दाम घडवून आणत असल्याचे संदेश सध्या घरोघरी फिरत आहेत. मी ते जसेच्या तसे खरे मानत नाही. परंतु एप्रिल २०२४ मध्ये दुबई पाण्याखाली गेली तेव्हा तेथील सरकार विमानांतून ढगांवर फवारणी करते, हे आपण सर्वांनीच वाचले. मग सरकारे हवामानाशी खेळत नाहीत, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

———

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आपला संशय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण हा उद्योग सरकारांनी केलेला आहे, आणि तोही लपूनछपून. व्हिएतनाम युद्धात शत्रूची रसद चिखलात रुतावी म्हणून अमेरिकेने १९६७ ते १९७२ या काळात हो चि मिन्ह मार्गावरील ढगांत रसायने पेरली आणि त्याची अधिकृत कबुली १९७४ मध्ये सिनेटपुढे आली. हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करण्यास मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार त्यानंतरचा. तो १९७८ पासून लागू आहे.

मात्र या तंत्राची ताकद किती, हेही पाहिले पाहिजे. ढगांत पेरल्या जाणाऱ्या सिल्व्हर आयोडाइड या रसायनाच्या स्फटिकांची रचना बर्फाशी मिळतीजुळती असल्यामुळे, शून्याखाली जाऊनही न गोठलेले ढगातले थेंब त्यांच्याभोवती गोठतात, जड होतात आणि खाली येतात. म्हणजे पाण्याने भरलेला ढग आधी हजर असावा लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरच्या पर्जन्यछायेत उष्ण, म्हणजे तापमान शून्याच्या वर असलेल्या, ढगांवर मिठासारखे कण वापरून प्रयोग केले, तेव्हा पावसात सुमारे १८ टक्के वाढ आढळली. दुष्काळी भागाला एवढीही वाढ मोलाची वाटेल, पण तिने शहर बुडत नाही. दुबईच्या विमानतळावर एका दिवसात १४० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला खरा, परंतु त्या वादळाचा अंदाज काही दिवस आधीच वर्तवला गेला होता आणि त्याच वादळी हवेने शेजारच्या ओमानमध्येही बळी घेतले. रेघांचे म्हणाल, तर इंजिनातून निघणारी वाफ अतिथंड हवेत गोठते, आणि हवा दमट असली की ती रेघ लवकर विरत नाही.

आता रिकाम्या फडताळांकडे वळते, कारण खरी गोम तेथे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या सुपरमार्केटांनी टोमॅटो, ढोबळी मिरची आणि काकडी माणशी मोजून द्यायला सुरुवात केली. दक्षिण स्पेन आणि मोरोक्कोत थंडी पडल्याने फळ पिकेना, वादळी हवेमुळे मालवाहू फेऱ्या रद्द झाल्या, आणि एरवी उणीव भरून काढणाऱ्या ब्रिटन व नेदरलँड्समधील हरितगृहांनी महागड्या ऊर्जेमुळे लागवडच कमी केली होती. ढग पेरून थंडी आणता येत नाही.

ताज्या मालाचा साठा ठेवायला पैसे लागतात, म्हणून तो मुळातच जेमतेम काही दिवसांचा ठेवतात. नीट पाहिलेत तर तुटवड्याच्या काळात पाकिटे फडताळाच्या पुढच्या कडेला ओळीने मांडलेली दिसतात आणि मागे पोकळी असते. अशा वेळी प्रत्येक घराने एकेकच पाकीट जास्त उचलले, तरी संध्याकाळपर्यंत सारे संपते. साठा किती पातळ ठेवायचा आणि पीक बुडाल्यावर नुकसान शेतकऱ्याच्या माथी किती मारायचे, हे निर्णय खरेदी विभागात बसलेली माणसे घेतात. संदेश पुढे ढकलणारे आकाशाकडे बोट दाखवत राहिल्याने ही माणसे आयतीच सुटतात, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

आपली नम्र,
एक सभासद

———

सप्रेम नमस्कार,

खुलासा पटला, ढगांपुरता तरी. तथापि अमेरिकेत १९७१ च्या कायद्यानुसार अशा प्रयोगांची माहिती सरकारला कळवावी लागते आणि ती नागरिकांना पाहता येते. अशी नोंद प्रत्येक देशाने खुली केल्याशिवाय निव्वळ विज्ञान समजावून लोकांचा संशय फिटेल, असे मला वाटत नाही. साठ्याच्या निर्णयांबाबतही माझे हेच म्हणणे आहे.

आपला,
काका