खाऱ्या वाऱ्यात गच्चीवरचा ओटा : दुसऱ्यांदा बांधतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गच्चीवर उघड्यावरचं स्वयंपाकघर करायचंय. पहिलं केलेलं तीन वर्षांत कुजलं, गेल्या महिन्यात वरचं पत्र्याचं छप्पर सोडून सगळं उपसून काढलं. आता गच्ची मोकळी आहे आणि कामाला हात लावायच्या आधी विचारून घ्यावं म्हणतेय. समुद्राजवळ राहून असं काही बांधलेल्यांनी, वापरलेल्यांनी जरूर सांगा. जरा लांबलचक होईल, पण अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार, म्हणून सगळंच लिहिते.

घर समुद्रापासून साधारण ४०० मीटरवर, मध्ये आडोसा म्हणावा असं काही नाही. दुमजली घराची गच्ची, तिचा साडेचार बाय तीन मीटरचा कोपरा वापरायचाय. कठडा मीटरभर उंच. एल आकाराचा ओटा, त्यात दोन बर्नरची गॅसची शेगडी, शेजारी कोळशाची शेगडी, एक सिंक, खाली थोडं सामान ठेवायला जागा आणि सहा जणांचं टेबल. आईला घरातला धूर अजिबात सोसत नाही. तळणं-भाजणं वर नेलं तेव्हापासून तिचा खोकला कमी झाला होता, गेल्या महिन्यापासून पुन्हा सुरू झालाय. त्यामुळे हे काम मला पुढे ढकलता येणार नाही.

आता पहिल्या वेळी काय झालं ते. ऑर्डर देताना ‘सगळं स्टेनलेस आहे’ एवढं ऐकून मी निश्चिंत झाले. कुठलं स्टेनलेस, हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात कपाटाच्या दारांवर चहाचे थेंब वाळावेत तसे तपकिरी ठिपके दिसायला लागले. ओल्या फडक्याने पुसले की जायचे, आठवड्याभरात परत यायचे. वर्षाने त्याच जागी बोटाला खरखरीत लागायला लागलं. भिंगातून पाहिलं तर टाचणीने टोचावं तशी बारीक भोकं. ड्रॉवरचे चॅनल त्याच्याही आधी गेले. ओढला की करकरत अर्ध्यावर अडकायचा. एकदा जोर लावून ओढला तर चॅनलमधल्या गोळ्या लाल भुकटीसकट फरशीवर सांडल्या. आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखालून गंजाचा ओघळ, अगदी प्रत्येक.

पण सगळं सुटं करताना एक गोष्ट दिसली, तिच्यामुळेच खरं तर हे लिहितेय. ओट्याचा बराचसा भाग पत्र्याच्या छपराखाली होता, एक टोक मात्र दोन फूट बाहेर आलेलं. बाहेरच्या टोकावर तीन वर्षं पाऊस पडला, ऊन पडलं, आणि ते टोक जवळजवळ स्वच्छ! सडला तो छपराखालचा भाग. ओट्याला तोच स्टेनलेसचा पत्रा, तोच कारागीर, एकाच दिवशी बसवलेलं. मी कायम उलटं समजत होते.

मग वाचत बसले. मला जे समजलं ते असं : वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण पत्र्यावर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आमच्याकडे रात्री हे रोजचंच. म्हणजे पाऊस नसतानाही पत्रा रोज रात्री खाऱ्या पाण्यात भिजतो. स्टेनलेसला वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा अतिशय पातळ असतो, मिठातलं क्लोराइड तो जागोजागी फोडतं आणि तिथून भोक आत उतरत जातं. उघड्यावरचं मीठ पावसाने धुऊन निघतं, छपराखालचं साचत जातं. आम्ही काळजी म्हणून रोज रात्री प्लास्टिकचं कव्हर घालत होतो, म्हणजे ती खारी ओल आतच कोंडत होतो. वर दर रविवारी ब्लीच घातलेल्या पाण्याने पुसणं. तेही क्लोराइडच.

तर माझे प्रश्न. छप्पर ठेवावं की काढून टाकावं? उन्हात उभं राहून स्वयंपाक होत नाही हे खरंय, पण मग छपराखालचं टिकवायचं कसं? ३१६ म्हणून खाऱ्या हवेत जास्त टिकणारं स्टेनलेस मिळतं, ते सगळीकडे लावायचं म्हटलं तर आवाक्याबाहेर जातंय, नेमकं कुठे लावलंच पाहिजे? ओटा विटांचा बांधावा की फ्रेमवर? छपराचे खांब गच्चीवर कसे रोवायचे? मागच्या वेळी स्लॅबमध्ये बोल्ट ठोकले आणि खालच्या खोलीत ओल उतरली, छताचे पोपडे पडले. आणि वाऱ्याचं काय करायचं? संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी समुद्राकडून वारा असतो, ज्योत नीट लागतच नाही.

जाणकारांनी कृपया वेळ काढून सांगावं.

*

प्रतिसाद १

ताई, छपराचं तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे. मी बोटींवरच्या फिटिंगची कामं करतो. धक्क्याला लागलं की आधी गोड्या पाण्याने सगळं धुवायचं, बाकीची कामं नंतर. छप्पर ठेवा, पण सिंकच्या नळाला पाइप जोडायची सोय करा आणि पाऊस जिथे पोचत नाही तिथे पावसाचं काम तुम्ही करा. पंधरा दिवसांतून एकदा तरी. दाराची आतली बाजू, ओट्याखालची कड, बिजागऱ्यांच्या मागे, सगळीकडे पाणी फिरलं पाहिजे. मग कोरडं पुसा. कव्हर घालायचंच असेल तर हवा खेळेल असं कापडी घाला, तेही वस्तू पूर्ण वाळल्यावर.

आता ३१६ ही स्टेनलेसची जात. तिच्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, ३०४ या नेहमीच्या जातीत तो नसतो. खारी हवा सोसते ती त्यामुळे. डोळ्यांनी दोन्ही सारख्याच दिसतात आणि लोहचुंबकानेही त्यांतला फरक कळत नाही. ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे चांगला माल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, किंवा मॉलिब्डेनम ओळखणारं द्रावण मिळतं त्याचा थेंब टाकून समोर तपासून घ्या. पैसे मोजकेच असतील तर स्क्रू, बिजागऱ्या आणि सिंक ३१६ चे घ्या, आणि जिथे हात घालून धुता येणार नाही तिथेही तेच. मोठे सपाट पत्रे, जे रोज फडक्याखाली येतात, ते ३०४ चे चालतील. फक्त पॉलिश गुळगुळीत हवं. रेघांचं फिनिश घेतलंत तर रेघा उभ्या असू द्या, आडव्या रेघांत मीठ बसून राहतं.

फॅब्रिकेटरला एक गोष्ट बजावून सांगा : साधं लोखंड कापलेली ग्राइंडरची चकती या पत्र्याला लावायची नाही. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि गंज तिथूनच सुरू होतो. घासायला तारेची घासणी तर नाहीच.

आणि ड्रॉवर काढूनच टाका. खाऱ्या हवेत सरकणारी, फिरणारी वस्तू सगळ्यात आधी मरते. ओट्याखाली उघडे कप्पे करा, त्यात प्लास्टिकचे क्रेट ठेवा. क्रेट उचलला की मागची भिंतही धुता येते. दारं लावायचीच असतील तर एचडीपीई या टणक प्लास्टिकच्या जाड शीटची करा. मरीन प्लाय घेणार असाल तर कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद केल्याशिवाय बसवू देऊ नका. त्यातला गोंद पाण्याला दाद देत नाही, पण लाकूड शेवटी लाकूडच आहे, कडेने पाणी पितं.

*

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी बांधकामाच्या बाजूने लिहिते.

विटांचा ओटा मनातून काढा, निदान स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब पाहीपर्यंत तरी. हिशोब बघा. अर्ध्या विटेची ८० सेंटीमीटर उंच भिंत धावत्या मीटरला दीडशे किलोच्या वर जाते, प्लास्टर वेगळं. २० मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस मीटरला ५४ किलोच्या आसपास. शिवाय पालापाचोळ्याने पाण्याची वाट तुंबली आणि गच्चीवर नुसतं ५ सेंटीमीटर पाणी साठलं तर प्रत्येक चौरस मीटरवर ५० किलो. तुमच्या कोपऱ्यापुरतंच पावणेसातशे किलो होतं. म्हणून फ्रेम हलकी घ्या, आणि ओटा शक्यतो खालच्या भिंतीच्या किंवा तुळईच्या डोक्यावर येईल असा ठेवा. वरची फरशी ग्रॅनाइटचीच घ्या. संगमरवराला आम्लाचे डाग पडतात आणि कृत्रिम क्वार्ट्झमधलं रेझिन उन्हाने पिवळं पडतं.

फ्रेम ॲल्युमिनियमची करणार असाल तर स्टेनलेसचे स्क्रू थेट लावू नका, मध्ये नायलॉनचे वॉशर हवेत. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. लोखंडी फ्रेम असेल तर सगळं वेल्डिंग आणि भोकं झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवणं. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात धातू किती गंजतात त्यावरून हवेचे वर्ग आहेत, त्यातल्या सी ५ या कडक वर्गात जस्त वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन झिजतं. हॉट डिपचा थर जाड लोखंडावर ८५ मायक्रॉनच्या आसपास असतो, जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या चकचकीत स्क्रूवर जेमतेम ५ ते १२. तुमचे स्क्रू तसलेच असतील तर ओघळ कुठून आले ते यावरून कळेल.

खांबांसाठी स्लॅबला भोक पाडूच नका. कठड्याच्या आतल्या बाजूने ब्रॅकेट लावता येतात, पण कठडा तेवढा भक्कम आहे का ते इंजिनिअरला विचारा. किंवा काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत खांब रोवा, वॉटरप्रूफिंगच्या वर. त्यांचंही वजन आधीच्या हिशोबात धरा. छपराला वजन पेलण्यापेक्षा खालून उचलणाऱ्या वाऱ्याची भीती जास्त, गच्चीवर तर फारच. म्हणून बंद पत्र्याऐवजी फटी असलेल्या पट्ट्यांचं छप्पर केलंत तर वारा निघून जाईल, आणि थोडा पाऊसही ओट्यावर येईल, जो तुम्हाला हवाच आहे!

पोपडे पडलेत तिथे सळई दिसतेय का? गंजलेली सळई फुगते, म्हणूनच काँक्रीट सुटतं. नुसतं प्लास्टर मारून झाकू नका. सळई साफ करून दुरुस्ती, मग वॉटरप्रूफिंग, मग ४८ तास पाणी भरून तपासणी. ढाळ मीटरला १ सेंटीमीटर तरी हवा. हे सगळं झाल्याशिवाय ओट्याचं सामानसुद्धा वर चढवू नका.

एक प्रश्न : सिलिंडर कुठे ठेवता?

*

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पोपड्यांच्या जागी सळई दिसतेय, तांबूस. तुम्ही विचारलं नसतंत तर मी रंगाऱ्याला बोलावून मोकळी झाले असते. आता आधी इंजिनिअर.

सिलिंडर जिन्याच्या दारालगतच्या कोनाड्यात होता, लाकडी पेटीत. वारा लागू नये म्हणून पेटी खालून बंद, वर दोन भोकं.

*

प्रतिसाद २

तो कोनाडा आजपासून बंद करा, हे फार महत्त्वाचं आहे. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली तर गॅस वरच्या भोकांतून जाणार नाही, पेटीतच तळाला साचेल. बाहेर आला तरी मीटरभर कठड्याच्या आत गच्चीवर पसरेल आणि दार उघडं असेल तर जिन्याने घरात उतरेल. जिन्यापासून आणि पाणी जाण्याच्या तोंडापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा, उभाच ठेवा, आणि पेटीला जमिनीलगत मोठ्या जाळ्या करा. रबरी नळी उन्हात तडकते, ती दर काही महिन्यांनी वाकवून बघा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावून तपासा. विजेचे पॉइंट घेणार असाल तर आयपी ६६ चे, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा आत न येऊ देणारे बॉक्स, वायर खालच्या बाजूने आत, आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच.

*

प्रतिसाद १

वाऱ्याचं राहिलं होतं. काचेची किंवा पत्र्याची भरीव भिंत उभी करू नका. वारा तिच्या डोक्यावरून येऊन मागे भोवऱ्यासारखा फिरतो, ज्योत आणखी नाचते. निम्म्याच्या आसपास जागा उघडी राहील अशी जाळी किंवा पट्ट्या लावा, वारा गाळला जातो आणि बऱ्याच अंतरापर्यंत मंदावतो. आणि कोळशाची शेगडी अशी ठेवा की वारा तुमच्या बाजूने येऊन ज्वाळा समोर झुकेल. रात्री उशिरा वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे सुटतो, कारण जमीन पाण्यापेक्षा लवकर गार होते. त्यामुळे जेवणं लांबली तर शेगडी सरकवता आली पाहिजे. तिला चाकं लावू नका, ती गंजणार. दोन कड्या करून घ्या, दोघांनी उचलायची.

*

धागाकर्ती

काल सिलिंडर लांबच्या कोपऱ्यात हलवला. जुनी पेटी मोडली, तिच्या तळाचे खिळे हातात भुगा होऊन आले. इंजिनिअर परवा येतायत.

तोवर एक करून ठेवलंय. ३०४ आणि ३१६ च्या हातभर पट्ट्या सर्टिफिकेटसह आणल्या. प्रत्येकीचे तीन तुकडे केले. एक जोडी कठड्यावर उघड्यावर, दुसरी जुन्या छपराखाली तशीच, तिसरी छपराखालीच पण दर रविवारी गोड्या पाण्याने धुवायची. मागे मार्करने तारीख घातलीय. सळईची दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंग होईपर्यंत तीन-चार महिने सहज जातील, फॅब्रिकेटरला ऑर्डर त्यानंतरच देईन. दर महिन्याला इथे लिहीत जाईन. तिसऱ्या जोडीतली ३०४ टिकली तर दारांचं ठरलंच.