जिप्सी किंग: पुढच्या डाव्या बाजूला खडखड, शॉक बदलूनही आवाज तोच. मदत हवी आहे

रानगवा
गाडी 2004 ची जिप्सी किंग, फोर बाय फोर, पाटे (लीफ स्प्रिंग) मूळचेच. वापर कोकणात, बराचसा जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर.

15-20 च्या वेगात बारीक खड्ड्यांवर पुढच्या डाव्या बाजूने खड्-खड् वाजतं. मोठ्या गतिरोधकावरून सावकाश नेली तर काहीच नाही. हळू चालताना ब्रेक दाबला की एकदाच ‘टक’. रिव्हर्स घेऊन ब्रेक दाबला की परत एक ‘टक’. पुढच्या चाकांचे हब (फोर बाय फोरसाठी चाक जोडणारे) लॉक असोत वा फ्री, फरक नाही. स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढतं.

पुढचे दोन्ही शॉक नवे टाकून झाले. आता गॅरेजवाले म्हणतात किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती खीळ) किट आणि सगळे बुश (सांध्यातले रबर) बदलू. त्याआधी दोष नक्की कुठे आहे ते घरी कसं शोधायचं? जॅक, दोन स्टँड, टॉमी (लोखंडी पहार) आणि टॉर्क पाना आहे.

ग्रीसगन
शॉक बदलायला सोपा, म्हणून पहिला बळी नेहमी त्याचाच जातो. काही उघडण्याआधी हे करा.

खडखड चालू असताना ब्रेक पेडलवर पाय नुसता टेकवून ठेवा. आवाज थांबला तर कॅलिपरमधले पॅड वाजतायत, सस्पेन्शनचा संबंध नाही.

मग पुढचा अॅक्सल (दोन्ही चाकांमधला आडवा दांडा) जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक वर-खाली धरून (घड्याळातले 12 आणि 6) हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग सैल, राहिला तर किंगपिन. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल (किंगपिनवर वळणारा भाग) एकमेकांना जखडले जातात, मग हलायला किंगपिनचीच जागा उरते. 9 आणि 3 वर धरून प्ले लागला तर आधी टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) बघा.

किंगपिन खरंच गेले असते तर 60 च्या आसपास स्टिअरिंग थरथरल्याची तक्रार तुम्ही आधी केली असती.

कमानपाटा
ग्रीसगन +1, पण इथे किंगपिन नसावा. पुढे जाताना ब्रेक लावला की एक टक आणि रिव्हर्सला परत एक, म्हणजे काहीतरी मागे सरकतंय आणि परत पुढे येतंय. बहुतेक अॅक्सलच. स्टिअरिंग डावीकडे ओढणंही त्यात बसतं: डावी बाजू मागे गेली की अख्खा अॅक्सल डावीकडे तोंड करतो.

गाडी सपाट जमिनीवर, चाकं सरळ. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल (पाट्याचं झुलतं टोक धरणारा दुवा) पुढे आणि पक्कं टोक मागे असतं. त्या मागच्या बोल्टच्या मध्यापासून अॅक्सल ट्यूबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. दोन-तीन मिमीचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर सेंटर बोल्ट (पाट्याच्या पट्ट्या, म्हणजे पाने, एकत्र धरणारा मधला बोल्ट) तुटलाय असं धरा. यू-बोल्टच्या (पाटा अॅक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट) प्लेटपाशी पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये लालसर, पिठासारखा गंज दिसतो का तेही बघा. घासलेल्या लोखंडाची ती खूण.

रानगवा
ब्रेकवर पाय टेकवूनही खडखड तशीच, म्हणजे कॅलिपर नाही. 12-6 ला प्ले नाही. 9-3 ला नाममात्र, दोन्हीकडे सारखा. टेपने उजवीपेक्षा डावी बाजू 7 मिमी कमी. लाल पीठ आहेच, आणि डाव्या यू-बोल्टचे दोन नट नुसत्या पान्याने अर्धा फेरा फिरले.

कमानपाटा
सापडलं मग. सेंटर बोल्टचं काम फक्त पाने एकत्र ठेवून पाटा जागेवर बसवायचं. पकड यू-बोल्टची. ते सैल पडले की प्रत्येक ब्रेकचा धक्का त्या एवढ्याशा बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. गाडी आता लांब नेऊ नका.

सामान: दोन्ही बाजूंचे मिळून 4 यू-बोल्ट, 8 नट, 2 सेंटर बोल्ट. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, परत वापरू नयेत. सेंटर बोल्ट नमुना दाखवून घ्या, डोक्यावर 8.8 किंवा वरचा आकडा हवा. साधा बोल्ट पुन्हा तुटेल.

मागच्या चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावा. स्टँड चासीखाली, जॅक अॅक्सलखाली. अॅक्सल ब्रेकच्या होजवर लोंबकळता कामा नये. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बाजू अॅक्सल धरून ठेवते. पाटे सुटे करताना आधी दोन सी-क्लॅम्प आवळा, कारण बोल्ट निघताच पाट्याची पाने उसळतात. जिप्सीत पाटा अॅक्सलच्या खाली असतो, म्हणून सेंटर बोल्टचं डोकं वर. ते अॅक्सलवरच्या सीटच्या (पाटा टेकतो त्या बैठकीच्या) भोकात बसायला हवं. आधी भोक बघा: लांबट झालं असेल तर वेल्डरकडून भरून घेऊन नव्याने पाडावं लागेल, नाहीतर नवा बोल्टही तिथे खेळेल.

नट तिरपे, एकाआड एक आवळा: आधी 30, मग 50, शेवटी 60 ते 80 न्यूटन मीटर. 100 किमीनंतर पुन्हा टॉर्क बघा. पाने बसतात आणि नट हमखास थोडे घेतात.

ग्रीसगन
पाटा निघालाच आहे तर शॅकलचे बुशही बघून घ्या. प्रत्येक शॅकलला चार अर्धे तुकडे, दोन्ही बाजूंचे आठ. मधलं भोक अंडाकृती झालेलं किंवा कड फाटलेली असेल तर बदला, नाहीतर राहू द्या. रबराला साधं ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगून मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीस चालतं.

एक गोष्ट गॅरेजमध्ये सर्रास चुकते. शॅकलचे नट चाकं हवेत असताना शेवटचे आवळतात. ज्या स्थितीत आवळाल त्याच स्थितीत रबर पकड घेतं. मग गाडी खाली टेकल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नट हाताने घट्ट करा, गाडी चाकांवर उतरवा, बॉनेटवर वजन देऊन चार-पाच वेळा दाबा आणि मगच टॉर्क द्या.

रानगवा
दोन्ही बाजूंचं काम झालं. डावा सेंटर बोल्ट दोन तुकड्यांत निघाला, डोकं सीटमध्येच अडकलेलं. उजवा शाबूत. भोक गोल आहे. टेपचा फरक आता 1 मिमी, टक आणि ओढणं दोन्ही गेलं. उभ्या गाडीत पुढून दाबल्यावर मात्र बारीक करकर ऐकू येते.

कमानपाटा
ती पाट्याच्या पानांमधली. पाण्याचा फवारा पानांवर मारून परत दाबा. करकर थांबली तर खात्री. पुढे कधी पाटा उघडाल तेव्हा पाने वायर ब्रशने घासून ग्रॅफाइट ग्रीस लावा. घाई नाही. 100 किमीचा टॉर्क तेवढा विसरू नका.